इची, नी, सान: सीमाभागातल्या कराटे क्लासमागचा इतिहास

बेळगावजवळच्या वडगावातल्या एका देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी साडेपाचला सतरंज्या गुंडाळून कोपऱ्यात जातात आणि तीस-चाळीस पोरं रांगा धरून उभी राहतात. कुणाच्या घरी माग चालतो, कुणाचे वडील उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, कुणाचे रिक्षावर. घरात कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू. सरांनी ‘हाजिमे’, म्हणजे ‘सुरू करा’, म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी एकच जपानी मोजणी सुरू होते: इची, नी, सान, शी, म्हणजे एक, दोन, तीन, चार. ज्या गावात दुकानाच्या पाटीवरचं अक्षर कुठल्या लिपीत आणि केवढं यावरून भांडणं होतात, तिथं ही पोरं रोज अशा भाषेत आकडे मोजतात, जी त्यांच्यातल्या कुणाच्याच आईची नाही. मला या मोजणीचं फार मोल वाटतं. ती इथवर पोचली त्यामागे दोन इतिहास आहेत. एक आपल्या तालमीचा, दुसरा ओकिनावा नावाच्या बेटाचा.

तालमीचा इतिहास इथं कुणाला सांगायला नको. कोल्हापूरच्या कुस्तीचं वारं बेळगाव, खानापूर, निपाणीपर्यंत कायमच वाहत आलं. आनंदवाडीच्या आखाड्यातली मैदानं अजूनही गर्दी खेचतात. हौद्यातली तांबडी माती ताक, लिंबू, तेल, हळद घालून मळायची, मारुतीला नमस्कार करायचा, जोर-बैठका मारायच्या आणि वस्तादांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. तालीम म्हणजे फक्त व्यायामशाळा नव्हती. गल्लीतलं लग्न असो की मयत, गणपती असो की शिवजयंतीचा चित्ररथ, हात तालमीतलेच लागायचे. त्यात बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. भरतीला जायचं म्हणून अंग कमावणारी पोरं गावोगाव होती, आजही आहेत.

पण तालमीला उंबरा होता. माझे आजोबा रोज पहाटे तालमीत जायचे. आत्या त्यांच्यासाठी दुधाचा तांब्या घेऊन जायची, तो बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायची आणि परत फिरायची. आत काय चालतं हे तिनं कधी पाहिलंच नाही. ज्या जिल्ह्यात बेळवडीच्या राणी मल्लम्मांच्या फौजेतल्या बायकांची आठवण अजून सांगतात, ज्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्यापुढे 23 ऑक्टोबर 1824 रोजी इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट.

आता दुसरा धागा. ओकिनावा हे र्‍युक्यू राज्याचं मुख्य बेट. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा घराण्यानं ते जिंकलं, 1879 मध्ये जपाननं राज्यच खालसा करून आपला एक प्रांत केला. त्यानंतर तिथल्या शाळांत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची शिक्षा होती. दुसरं कुणी तसं बोलताना सापडेपर्यंत ती पाटी उतरायची नाही. भाषेवरून दुखावलेली माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यामुळे हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो.

त्याच बेटावर कराटे वाढलं. 1901 च्या सुमारास तिथले कराटेचे गुरू अंको इतोसू यांनी ते तिथल्या शाळेत नेलं. एकेका शिष्याला गुपचूप शिकवायची विद्या वर्गभर पोरांना शिकवायची, म्हणून त्यांनी ती सोपी केली, जिवावर बेतणारे भाग बाजूला ठेवले आणि लहान मुलांना जमतील असे ‘पिनान’ नावाचे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, बसवले. आपल्या सभामंडपातल्या रांगा आणि आकड्यावर पडणारा ठोसा हे त्या शाळेच्या कवायतीचंच देणं आहे. पुढे 1922 मध्ये ओकिनावाच्याच गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं. पांढरा पोशाख आणि पट्टे ज्युदोकडून आले. पूर्वी ‘कराटे’ म्हणजे चिनी हात. उच्चार तोच ठेवून अक्षर बदललं आणि अर्थ झाला रिकामा हात. जपानच्या मुख्य भूमीवर मान्यता हवी तर चीनचं नाव अडचणीचं होतं, हेही त्यामागचं एक कारण.

भारतात ही लाट सत्तरच्या दशकात आली. ब्रूस ली तर कुंग फूचा माणूस, पण त्याच्या पोस्टरांनी कराटेच्या क्लासला पोरं मिळवून दिली. मुंबई-पुण्यात शिकून आलेले किंवा फौजेतून निवृत्त झालेले लोक शाळेच्या पटांगणात, मंगल कार्यालयात, देवळात क्लास घेऊ लागले. हौदा लागत नव्हता, खुराक लागत नव्हता, आणि अंगभर कपडे घालून शिकता येत असल्यामुळे आया मुलींना पाठवायला धजावल्या. माझ्या मते खरा बदल हाच. आत्या जिथून परत फिरली तो उंबरा इथं नव्हताच.

डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर मुलींची संख्या वाढली. शाळांमध्येही समग्र शिक्षा अभियानातून सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण देण्याची योजना आहे, शाळेला महिन्याला 5,000 रुपये. तीन महिन्यांत सवय लागत नाही, फक्त ओळख होते. सहा महिन्यांत ब्राउन बेल्ट, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीचा पट्टा, देऊ म्हणणारे क्लास मला याहून धोक्याचे वाटतात. माझ्या मुलीचा पहिला क्लास त्यातलाच होता. दर दोन महिन्यांनी परीक्षेची फी, आणि मनगट धरलं तर काय करायचं हे तिला सांगता येत नव्हतं.

वडगावातल्या सरांनी ते पहिल्याच आठवड्यात शिकवलं. समोरच्यानं मनगट धरलं की मागं ओढायचं नाही. त्याचा अंगठा नि बोटं जिथं भेटतात ती पकडीची कच्ची जागा. कोपर आपल्या अंगाशी आणायचं आणि मनगट त्या फटीतून वळवून काढायचं. त्याबरोबर ओरडायचं. मुली इथंच अडतात, कारण आवाज चढवू नको हे त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं. ‘पोटातनं काढ की गं आवाज!’ सर म्हणतात. अकरा वर्षांची एक पोरगी चौथ्या खेपेला अशी ओरडली की घंटेखाली बसलेल्या आजीबाई उठून उभ्या राहिल्या. ‘सर, सुटला की हात!’ हे मात्र ती अगदी हळू म्हणाली.

हात सुटला की पळायचं, हा पुढचा धडा. थांबून मारत बसायचं नाही. कायदाही तेच मानतो. स्वसंरक्षणाचा हक्क जुन्या दंडसंहितेत कलम 96 ते 106 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. बचावापुरता जेवढा मार लागेल तेवढाच, त्याहून जास्त नाही.

सव्वासातला ‘रेई’, म्हणजे नमस्कार, होतं, सगळे वाकतात, सतरंज्या पुन्हा पसरल्या जातात. मग पायरीवर चपलांचा ढीग उपसताना मराठी, कन्नड, उर्दू सगळं एकदम सुरू होतं, आणि कुणाची चप्पल कुणी घातली यावरून रोज थोडं भांडण होतं.