भाषेचा तास वर्गाबाहेर कसा गेला

हल्ली बहुतेक शाळांत भाषेच्या तासाला काही ना काही ‘उपक्रम’ असतो. फ्रेंचच्या वर्गात मुलं क्रेप करून खातात, जपानीच्या वर्गात कागदाचे करकोचे घडतात, हिंदी दिनाला नाटुकलं बसतं, राज्यांच्या जोड्या लावणाऱ्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या केंद्राच्या उपक्रमाच्या निमित्ताने मराठी मुलं ओडिशाच्या पोशाखांचे तक्ते रंगवतात. काही पालकांना हे अगदी नव्या जमान्याचं वाटतं, काहींना वाटतं की यापेक्षा व्याकरण घोटून घेतलं असतं तर बरं. नवं तर ते मुळीच नाही. त्यामागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. तो चाळताना एक गोष्ट सारखी समोर येते. ज्या उपक्रमात पलीकडे कुणीतरी खरं माणूस होतं, उत्तर देणारं किंवा न कळल्यास पुन्हा विचारणारं, त्यातून भाषा आली. जिथे ते नव्हतं, तिथे उपक्रमाचं स्नेहसंमेलन झालं.

सुरुवात कोमेनियसपासून करावी लागते. मोराव्हियात १५९२ साली जन्मलेला हा धर्मगुरू-शिक्षक युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धामुळे देशोधडीला लागला आणि आयुष्यभर परमुलखांत शिकवत हिंडला. आधी वस्तू, मग शब्द, हे त्याचं साधं म्हणणं. १६५८ साली न्यूरेंबर्गमध्ये छापलेल्या त्याच्या सचित्र पुस्तकात सुमारे दीडशे चित्रं होती. चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा, आणि त्या आकड्यासमोर लॅटिन व जर्मन शब्द. त्याच्या आधी काही वर्षं हंगेरीतल्या शारोशपाटकच्या शाळेत त्याने लॅटिनचं पाठ्यपुस्तकच नाट्यरूपात आणलं आणि मुलांकडून ते करून घेतलं. लॅटिन ही तेव्हा कुणाचीच घरातली भाषा नव्हती, तरी मुलं रंगमंचावर एकमेकांशी ती बोलत होती.

पुढची दोनशे वर्षं मात्र गाडी उलट्या दिशेने गेली. एकोणिसाव्या शतकात जर्मन शाळांत फ्रेंच-इंग्रजीसारख्या जिवंत भाषा आल्या, तेव्हा त्यांना लॅटिनच्या तोलामोलाचं ठरायचं होतं. म्हणून त्याही लॅटिनसारख्याच शिकवल्या जाऊ लागल्या: नियम, अपवाद, शब्दांची यादी आणि भाषांतराला वाक्यं. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, तीही याच घराण्यातली. या पद्धतीला आज नावं ठेवणं सोपं आहे. पण वर्गात साठ मुलं, शिक्षकालाच ती भाषा बोलायचा सराव नाही, आणि शेवटी लेखी परीक्षा, अशा परिस्थितीत ती चालायची. कारकुनाला मसुदा करता येई, वकिलाला निकालपत्र वाचता येई. बोलायची वेळ आली की मात्र पंचाईत व्हायची.

ही पंचाईत कुणी सर्वांत हताशपणे भोगली असेल, तर ती फ्रान्सच्या फ्रांस्वा गुअँ याने. जर्मन शिकायला तो हॅम्बुर्गला गेला. तिथे खोलीत बसून त्याने व्याकरण पाठ केलं, अनियमित क्रियापदं पाठ केली, पुढे तर शब्दकोशच पाठ करायला घेतला. बाहेर पडून लोकांचं बोलणं ऐकलं की काहीच कळेना. हात हलवत घरी परतला, तर तेवढ्या काळात त्याचा लहानगा पुतण्या घडाघडा बोलायला लागला होता. हा पोरगा एकदा गिरणी बघून आला आणि घरी येऊन त्याने गिरणीचा खेळ मांडला. पोतं भरायचं, उचलायचं, नेऊन ओतायचं, आणि प्रत्येक कृती करताना ती तोंडाने सांगायची. गुअँला त्यात भाषा शिकण्याची वाट दिसली. १८८० साली त्याने आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली: मी दाराकडे जातो, दाराजवळ पोचतो, मूठ धरतो, फिरवतो, दार उघडतो, असे कृतींचे साखळीपाठ. हातांनी करत भाषा शिकवण्याच्या आजच्या बऱ्याच खेळांचं मूळ त्या पोराच्या गिरणीत सापडतं. 

दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, विल्हेल्म फिएटोर या जर्मन भाषातज्ज्ञाने टोपणनावाने एक पुस्तिका काढून भाषाशिक्षणाने आता उलट फिरलं पाहिजे असं ठणकावलं. अमेरिकेत बर्लिट्झच्या शाळा निघाल्या होत्या, तिथे वर्गात फक्त शिकायचीच भाषा बोलली जाई. १९०१-०२ मध्ये तर फ्रान्सच्या सरकारने शाळांना हाच मार्ग आदेशाने लावून दिला. आदेश निघाला, पण अस्खलित बोलणारे शिक्षक कुठून आणायचे? त्याचं एक उत्तर म्हणून १९०५ पासून ब्रिटन आणि फ्रान्स एकमेकांच्या शाळांत तरुण साहाय्यक पाठवू लागले. ही प्रथा आजही चालू आहे. दुसरं उत्तर स्वस्तातलं होतं. फ्रान्समधले इंग्रजीचे शिक्षक पॉल मिए यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांशी पत्रं लिहायला लावलं आणि लंडनचे संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांनी आपल्या मासिकातर्फे दोन्हीकडच्या मुलांच्या जोड्या लावून दिल्या. माणूस आणणं परवडत नसेल तर त्याचं अक्षर आणता येतं, हे तेव्हा कळलं.

या पत्रांचं सोनं केलं सेलस्तँ फ्रेने याने. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला गोळी लागली होती आणि तासन् तास बोलत उभं राहणं त्याला झेपत नव्हतं. १९२० साली दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या खेड्यात तो प्राथमिक शिक्षक झाला. मुलांना घेऊन तो गावात फिरायला जाई: विणकराकडे, सुताराकडे, शेतावर. परत आल्यावर जे पाहिलं ते मुलं सांगत आणि लिहीत. १९२४ च्या सुमाराला त्याने छोटं छापयंत्र घेतलं. मुलं आपले मजकूर वाचून दाखवत, त्यातला एक सगळे मिळून निवडत, दुरुस्त करत आणि एकेक खिळा जुळवून छापत. १९२६ पासून ही छापील पानं फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतल्या त्रेगंकच्या शाळेत रने दानिएल या शिक्षकाकडे जाऊ लागली, आणि तिकडची इकडे येऊ लागली. मागोमाग पार्सलं सुरू झाली, त्यांत खाण्याच्या वस्तूही असत. डोंगराकडची मुलं समुद्राकडच्या मुलांना विचारू लागली की तुमच्याकडे काय पिकतं, काय पकडतात.

हा परक्या भाषेचा वर्ग नव्हता, हे खरं. पण ब्रिटनीतल्या अनेक मुलांच्या घरात तेव्हा ब्रेटन बोलली जाई, म्हणजे शाळेची फ्रेंच त्यांनाही शिकायचीच होती. शुद्धलेखन का करायचं, याचं उत्तर फ्रेनेला द्यावं लागत नसे, कारण हजार किलोमीटरवर कुणीतरी ते पान वाचणार होतं. गावपुढारी आणि सरकारी खातं यांना त्याचे डावे विचार आणि मुलांचे छापील मजकूर दोन्ही खुपले. बदली होऊन ज्या सँ-पोलच्या शाळेत तो गेला होता, तिथून त्याला बाहेर पडावं लागलं आणि १९३५ मध्ये त्याने वाँसला स्वतःची शाळा काढली.

फ्रेने छापयंत्र चालवत होता त्याच १९२० च्या दशकात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक लिहून काढत आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. फ्रेने आणि सानेगुरुजी या दोन खेडवळ मास्तरांमध्ये काही संबंध असल्याचं मला माहीत नाही, पण दोघांनाही मुलांसाठी रोजचं ताजं वाचन लागत होतं. १९३० च्या सत्याग्रहात गुरुजी तुरुंगात गेले. तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य राजबंद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले आणि पुढे ‘कुरळ’ हे जुनं तमिळ काव्य मराठीत आणलं. आंतरभारतीची कल्पना त्यांना केवळ वाचनातून सुचली असं वाटत नाही, तिच्यामागे ही कोठडीतली शिकवणी असणार. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीचा आदर्श समोर होताच. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विचार मांडला: एका प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथलं साहित्य आपल्या भाषेत आणावं, माणसांनी एकमेकांकडे जावं-यावं. ११ जून १९५० ला ते गेले. कार्यकर्त्यांनी काम पुढे नेलं, पण शाळेच्या वेळापत्रकात मात्र आंतरभारती कधी नीट शिरलीच नाही. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणातलं त्रिभाषा सूत्र कागदावर तिच्या जवळचं होतं. हिंदी प्रदेशातल्या मुलांनी एखादी आधुनिक भारतीय भाषा, शक्यतो दक्षिणेतली, शिकावी असं त्यात आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती जागा संस्कृतने घेतली. संस्कृतचं मोठेपण मान्य करूनही म्हणावं लागतं की त्या वर्गातून तमिळ किंवा कन्नड मुलाला पत्र जाणार नव्हतं.

युरोपात हेच काम सरकारांनी अंगावर घेतलं. सत्तर वर्षांत तीनदा लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीत १९५० मध्ये मोंबेलियार आणि लुडविग्सबुर्ग या शहरांनी जुळी शहरं म्हणून नातं जोडलं, आणि २२ जानेवारी १९६३ च्या एलिझे या मैत्री करारानंतर त्याच वर्षी दोन्ही देशांचं संयुक्त युवक कार्यालय उभं राहिलं. मुलाने पाहुणा म्हणून परक्या घरी राहायचं, त्यांच्या टेबलावर जेवायचं, मग त्या घरचा मुलगा आपल्याकडे. आजवर ९० लाखांहून अधिक तरुण या कार्यालयाच्या उपक्रमांतून गेले. एवढं होऊनही फ्रान्समध्ये जर्मन निवडणाऱ्या मुलांचं प्रमाण पुढे घसरत गेलं, कारण नोकरीच्या बाजारात इंग्रजीचा भाव जास्त. देवाणघेवाणीने मैत्री होते. कोणती भाषा निवडायची ते पालक ठरवतात.

आपल्या बाजूला या विषयात जगाने दखल घ्यावी असा एक प्रयोग झाला, आणि त्यात ना सण होते ना पाहुणे. १९७९ ते १९८४ या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास आणि कडलूर इथल्या साध्या शाळांत इंग्रजीचे काही वर्ग वेगळ्या रीतीने चालवले. व्याकरणाचा अभ्यासक्रमच ठेवला नाही. मुलांना कोडी दिली: हा नकाशा, इथून तिथे कसं जाल? हे रेल्वेचं वेळापत्रक, अमुक वेळेच्या आत पोचायचं तर कुठली गाडी पकडाल? फळा-खडू तोच. लक्ष उत्तर शोधण्यावर, आणि त्या ओघात इंग्रजी कानावर पडून तोंडात बसावी, ही अपेक्षा. प्रभूंनी कामांचे प्रकारही सांगितले, त्यातला एक म्हणजे तुला माहीत आहे ते मला नाही, म्हणून तुला सांगावंच लागतं. पलीकडचा माणूस त्याच बाकावर बसलेला असला तरी चालतो, दोघांच्या माहितीत फरक हवा, एवढंच. कार्याधारित भाषाशिक्षणाच्या चर्चेत बंगळूर प्रकल्पाचं नाव आजही पहिल्या काहींत येतं. आपल्या डी.एड.-बी.एड.च्या वर्गांत ते किती येतं, हा वेगळा विषय.

जपानने पैसा ओतून पाहिला. १९८७ मध्ये चार देशांतल्या ८४८ तरुणांना बोलावून परदेशी साहाय्यकांची मोठी योजना सुरू केली. २०११ पासून पाचवी-सहावीला आठवड्यातून एक तास ‘परदेशी भाषेचे उपक्रम’ सक्तीचे केले. तो विषय नव्हता, त्याला गुण नव्हते. २०२० मध्ये पाचवी-सहावीला त्याचा रीतसर विषय झाला आणि उपक्रमांचा तास खाली तिसरी-चौथीत सरकला. गुण नसले की मोकळेपणा येतो आणि गुण नसले की गांभीर्य जातं, या कात्रीतून कुठल्याच देशाची सुटका झालेली दिसत नाही.

संस्कृतीच्या नावाखाली नुसतं खाणं-पिणं आणि वेशभूषा उरते, ही तक्रारही जुनीच. १९९६ साली अमेरिकेत परकीय भाषांच्या शिक्षणाचे राष्ट्रीय निकष आले. त्यांत संस्कृतीचे तीन पदर धरले: वस्तू, रीती आणि त्यामागची दृष्टी. ओडिशाचंच उदाहरण घ्या. जूनच्या मध्यावर तिथे रज पर्व असतं. पोडापिठा हा भाजलेला गोड पदार्थ झाली वस्तू. मुलींनी झोके घेणं आणि तीन दिवस नांगर न धरणं झाली रीत. पेरणीआधी धरती रजस्वला आहे, तिला विश्रांती हवी, ही झाली दृष्टी. आपल्या शाळेच्या प्रदर्शनात पोडापिठा येतो, फार तर झोका येतो. तिसऱ्या पदरापर्यंत जायला शिक्षकाला थोडा धीर लागतो, आणि आठवीच्या मुलामुलींना विचारायला ओडिशातली बरोबरीची मुलं लागतात.

परदेशातल्या मराठी शाळांची स्थिती या बाबतीत वेगळी आहे. मॉरिशसमध्ये मराठी सरकारी प्राथमिक शाळांत शिकवली जाते; अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या शाळा बहुधा सुटीच्या दिवशी भरतात. तिथेही किल्ला होतो, तिळगूळ होतो. पण अमेरिकेतल्या पुष्कळ मुलांना फोनच्या पडद्यावर एक आजी असते, जिला इंग्रजीत सांगितलेलं पोचत नाही. असं माणूस फ्रेनेला टपालखात्यातून शोधावं लागलं होतं.

‘एक भारत श्रेष्ठ भारत’ची घोषणा ३१ ऑक्टोबर २०१५ ची. जोड्यांमध्ये महाराष्ट्राला ओडिशा मिळालं, गोव्याला झारखंड. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘भाषा संगम’ आला: २२ भाषांतली पाच-पाच सोपी वाक्यं, रोज एक भाषा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी भारतीय भाषांवरचा एक गमतीचा प्रकल्प सांगितला आहे, तोही परीक्षेविना. पाच वाक्यं म्हणून झाल्यावर ती कुणाला म्हणायची, याची सोय बहुतेक शाळांनी केलेली नाही. ती फार दूरही शोधावी लागणार नाही. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, त्यांत तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती आणि उर्दूही आहेत, आणि काही ठिकाणी दोन माध्यमं एकाच इमारतीत भरतात.