लापुआचा विह्तोरी कोसोला

फिनलंडमधल्या कम्युनिस्टविरोधी लापुआ चळवळीचा चेहरा म्हणजे विह्तोरी कोसोला. १८८४ साली युलीहार्मा इथे जन्मलेला हा माणूस जवळच्याच लापुआत शेती करत असे. पहिल्या महायुद्धात फिनलंड रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. रशियाविरुद्ध लढण्यासाठी जर्मनीत लष्करी शिक्षण घ्यायला चोरून निघालेल्या तरुणांना कोसोलाच्या घरात आसरा मिळे. त्यामुळे १९१६ मध्ये त्याला अटक झाली आणि पेत्रोग्रादच्या तुरुंगातून तो १९१७ च्या क्रांतीमुळेच सुटला. त्याच्या शब्दाला गावात वजन आले ते या तुरुंगवासामुळे.

१९१८ च्या यादवी युद्धात या भागातले जमीनदार शेतकरी समाजवादी 'लालां'विरुद्ध 'पांढऱ्या' बाजूने लढले आणि जिंकले. तरीही विसाच्या दशकात कम्युनिस्ट वेगवेगळ्या नावांनी निवडणुका लढवत राहिले, संसदेत निवडून येत राहिले. आपण सांडलेले रक्त वाया गेले, असे या शेतकऱ्यांना वाटू लागले. कोसोला संप फोडण्यासाठी गावोगावचे मजूर जमवू लागला. पुढे लाकडाचे भाव पडले, कर्जे थकली, शेतांचे लिलाव सुरू झाले.

नोव्हेंबर १९२९ मध्ये लापुआत कम्युनिस्ट तरुणांचा मेळावा भरला. गावकऱ्यांनी त्यांच्या अंगावरचे लाल सदरे फाडले आणि त्यातूनच चळवळ उभी राहिली. मार्च १९३० मध्ये वासा शहरातला कम्युनिस्ट वृत्तपत्राचा छापखाना फोडण्यात आला. त्यानंतर विरोधकांना मोटारीत कोंबून, मारहाण करून सोव्हिएत सीमेपर्यंत नेण्याचे प्रकार सुरू झाले. काहींचा जीव गेला.

माझ्या मते खरा दोष इथे सरकारचा आहे. कायदा मोडणाऱ्यांना शिक्षा करण्याऐवजी त्याने त्यांचे म्हणणे मान्य केले. ७ जुलै १९३० रोजी बारा हजारांहून अधिक शेतकरी हेलसिंकीत आले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेलांडर आणि पंतप्रधान स्विनहुफवुद त्यांच्या स्वागताला हजर होते. कोसोलाने तिथे भाषण केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कम्युनिस्टविरोधी कायदे मंजूर झाले. म्हणजे चळवळीला हवे होते ते मिळत होते, तरी ती थांबली नाही. त्याआधी ऑक्टोबरातच माजी राष्ट्राध्यक्ष स्टोलबेरी आणि त्यांच्या पत्नीला पळवून पूर्वेकडच्या योएन्सू शहरापर्यंत नेण्यात आले, आणि अनेक सभ्य समर्थकांनी पाठ फिरवली.

फेब्रुवारी १९३२ मध्ये मँत्सॅला इथे चळवळीच्या समर्थकांचे सशस्त्र बंड झाले. आता राष्ट्राध्यक्ष असलेल्या स्विनहुफवुद यांनी रेडिओवरून बंडखोरांना घरी परतायला सांगितले, आणि रक्तपात न होता बंड मोडले. त्याच मार्चमध्ये चळवळीवर बंदी आली, तीही १९३० मध्ये कम्युनिस्टांना आवरण्यासाठी केलेल्या प्रजासत्ताक संरक्षण कायद्याखाली. कोसोलाला तुरुंगात जावे लागले.

त्याच वर्षी निघालेल्या 'देशभक्त जनआंदोलन' या पक्षाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, पण सूत्रे शिकलेल्या शहरी मंडळींकडे सरकत गेली. १९३६ मध्ये त्याच्या जागी विल्हो अन्नाला हे अध्यक्ष झाले. डिसेंबर १९३६ मध्ये कोसोला वारला. सोव्हिएत संघाशी युद्धबंदी झाल्यावर, १९४४ मध्ये, या पक्षावरही बंदी आली.