सोन्याचा मुलामा आणि लाखभर बंदुका

राज्याचा अमृतमहोत्सव, कंपनीची शताब्दी, गाजलेली लढाई किंवा लाडका नट यांची आठवण म्हणून कारखाना जी सजवलेली आवृत्ती काढतो, ती स्मारक बंदूक. अमेरिकेतल्या जाणत्या संग्राहकांत तिला फारसा मान नाही. तिने ना रणांगण पाहिले ना रान, ती जन्मालाच कपाटासाठी आली, असे ते म्हणतात. मला हे मत एकांगी वाटते. या बंदुकांनाही स्वतःचा इतिहास आहे, आणि निव्वळ आवडीपोटी जमवणाऱ्याला तो नीट कळतो.

सजवलेली हत्यारे भेट देण्याची प्रथा जुनीच. अमेरिकी बंदूक कारखानदार सॅम्युअल कोल्टने १८५४ मध्ये रशियाचा झार पहिला निकोलस याला सोन्याचे जडावकाम केलेली रिव्हॉल्व्हर नजर केली होती. पण ती दरबारी गोष्ट. सामान्य गिऱ्हाइकासाठीची आधुनिक लाट सुरू झाली १९६१ मध्ये. इलिनॉयमधल्या जेनेसिओ या छोट्या गावाला १२५ वर्षे झाली म्हणून कोल्टच्या कंपनीने अवघी १०४ छोटी डेरिंजर पिस्तुले बनवली. काळही अनुकूल होता: अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी त्याच वर्षी सुरू झाली आणि घरोघरी टीव्हीवर काउबॉयच्या मालिका चालू होत्या.

विंचेस्टर ही दुसरी नामवंत बंदूक कंपनी १९६४ मध्ये उतरली. वायोमिंग राज्याच्या पंचाहत्तरीसाठी तिने आपल्या ‘मॉडेल ९४’ या, लीव्हर ओढून पुढची गोळी भरायच्या रायफलीच्या १,५०० प्रती काढल्या, दस्त्यात राज्याचे पदक बसवून. पुढे मात्र हात सैल सुटला. कंपनीच्या शताब्दीची १९६६ ची सोनेरी, अष्टकोनी नळीची आवृत्ती लाखाच्या वर गेली. ‘वाइल्ड वेस्ट’चे खेळ करणाऱ्या बफेलो बिलची १९६८ ची आवृत्तीही तशीच. त्यानंतर थिओडोर रूझवेल्ट, टेक्सास, काउबॉय अशी रांगच लागली आणि १९८१ मध्ये काउबॉयपटांतला नट जॉन वेन याची आवृत्ती आली.

गंमत अशी, की १९६४ हेच वर्ष विंचेस्टरच्या चाहत्यांना सलते. खर्च वाचवण्यासाठी कंपनीने त्या वर्षी घडणीची पद्धत बदलली. यंत्रावर कोरून काढलेल्या काही भागांच्या जागी पत्र्याचे ठोकीव भाग आले. ‘चौसष्टपूर्व’ आणि ‘चौसष्टनंतरची’ ही विभागणी आजही बाजारभाव ठरवते. एकीकडे आतले काम स्वस्त होत होते, दुसरीकडे बाहेर सोन्याचा मुलामा चढत होता. जाणकारांची नाराजी इथूनही येते, आणि ती अगदीच निराधार नाही.

नफ्याच्या आशेने घेणाऱ्यांचे गणित चुकले ते वेगळ्याच कारणाने. किंमत टिकवायची तर खोका, कागदपत्रे जपायची, गोळी झाडायची नाही, लीव्हरसुद्धा ओढायचा नाही, कारण धातूवर घासल्याची रेघ उमटते. हजारो लोकांनी हेच केले. सगळ्यांनीच जपल्यावर दुर्मीळ काय राहणार? वापरलेल्या प्रतीची स्मारक म्हणून असलेली जादा किंमत तर जवळजवळ उडूनच जाते. पण त्यामुळेच खोका हरवलेली, चार गोळ्या झाडलेली प्रत हौशी माणसाच्या आवाक्यात येते. तो ती हरणाच्या शिकारीला नेतो, रविवारी नेमबाजीला काढतो. रायफल ज्यासाठी असते, ते तिच्या वाट्याला येते. मला हाच संग्राहक अधिक खरा वाटतो.

१९६८ च्या अमेरिकी बंदूक कायद्याने संग्राहकांसाठी वेगळा परवाना आणला. ‘कुतूहलाच्या वस्तू आणि अवशेष’ या त्याच्या सरकारी यादीत अनेक स्मारक आवृत्त्या आहेत. परवानाधारकाला त्या दुसऱ्या राज्यातूनही घेता येतात. आपल्याकडे हा छंद रुजणे अवघडच: शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.

विंचेस्टरचा न्यू हेवनमधला कारखाना २००६ मध्ये बंद झाला. कंपनीचा स्वतःचा संग्रह आता वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात आहे. अमेरिकेतली मराठी कुटुंबे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहायला जातात. पूर्वेच्या प्रवेशद्वाराने जाणाऱ्यांना कोडी वाटेतच लागते. तिथे अर्धा दिवस जरूर काढावा.