ऑइलचा दिवा पातळी सांगत नाही

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं चित्र असलेला एक लाल दिवा असतो. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. ऑइल कमी झालंच तर हा दिवा सांगेल की, या भरवशावर बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी माणसं वर्षानुवर्षं गाडी चालवतात. हा भरवसा चुकीचा आहे. का चुकीचा आहे हे एकदा नीट समजलं, तर बोनेट उघडायचा आळस राहणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

हा दिवा ऑइलच्या दाबाला जोडलेला असतो, पातळीला नाही. इंजिनच्या ब्लॉकवर एक लहानसा स्विच असतो. बहुतेक गाड्यांत दाब साधारण 0.3 ते 0.5 बारच्या (एक बार म्हणजे जवळपास आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब) खाली गेला की तो दिवा पेटवतो. धडधाकट इंजिनात, गाडी हायवेला धावत असताना, हाच दाब 3 ते 4 बार असतो. म्हणजे दाबाचे दहातले जवळपास नऊ हिस्से गेल्यावर दिवा बोलतो. उलट चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीतलं ऑइल निम्म्यावर आलं, तरी पंपाच्या तोंडाशी ऑइल पोचतंय तोवर सरळ रस्त्यावर दाब जागेवर राहतो आणि दिवा गप्प बसतो. काही नव्या गाड्यांत पातळीसाठी निराळा पिवळा दिवा असतो. आपल्या गाडीत तो आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्यावं.

या दाबाचं एवढं मोल कशाला? गाडी हायवेला जोरात जाताना इंजिनचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणारा मुख्य दांडा, मिनिटाला तीनेक हजार, म्हणजे सेकंदाला 50 फेरे घेत असतो. बहुतेक सगळ्या कारमध्ये तो बॉल-बेअरिंगवर बसवलेला नसतो. दोन अर्धगोल शेल एकमेकांसमोर बसवून जे कडं होतं, त्यात तो फिरतो. हे कडं म्हणजेच त्याचं बेअरिंग. क्रँक आणि शेल यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते, आणि भार पडतो त्या बाजूला तर ऑइलचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) उरतो. माणसाचा केस ढोबळमानाने 70 मायक्रॉन जाड असतो. पेट्रोल किंवा डिझेलच्या प्रत्येक स्फोटाचा दणका या केसाहून कितीतरी पातळ थराने झेलायचा असतो, आणि तो झेलतोही. लाखो किलोमीटर चाललेल्या इंजिनातही कधीकधी शेल जवळजवळ नव्यासारखे निघतात, कारण धातू धातूला फारसा लागलेलाच नसतो.

हे कसं घडतं, याचा पहिला धागा अपघाताने हाती लागला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसासारख्या बेअरिंगवर घर्षणाचे प्रयोग करत होता. आसाची खालची बाजू तेलात बुडालेली होती. वरून तेल सोडायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरू लागला तसं तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग त्याने तिथे दाबमापक लावला, तर आत दर चौरस इंचाला 200 पौंडांहून जास्त दाब निघाला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता. तेलाने आख्खं बेअरिंग उचलून धरलं होतं. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं. फिरणारा आस तेलाला निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत ओढतो, तिथे तेल चेपलं जातं, आणि त्या चेपण्यातून भार पेलणारा दाब तयार होतो. पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून जोरात गेलं की टायर जमीन सोडून पाण्यावर तरंगतो, त्यामागेही हेच भौतिकशास्त्र आहे. रस्त्यावर ते घात करतं, इंजिनात मात्र सगळं त्याच्याच जिवावर चालतं.

म्हणजे क्रँकला उचलून धरणारा दाब पंप तयार करत नाही, क्रँकचं फिरणंच तो तयार करतं. पंपाचं काम ऑइल अखंड पोचवत राहण्याचं. कारण थरातलं ऑइल बाजूने सतत गळून चेंबरमध्ये परत पडत असतं आणि जाताना बेअरिंगमधली उष्णताही घेऊन जातं. पुरवठा तुटला की थर टिकत नाही, आणि नेमकी तिथेच उष्णता वाढते.

आता आपल्याकडचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. लहान कारच्या चेंबरमध्ये तीन-साडेतीन लिटर ऑइल बसतं. तळाशी एक जाळी असते, तिच्यातून पंप ऑइल ओढतो. बेळगावातून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्याकडे निघालं, की वळणावळणाला हे ऑइल चेंबरच्या एका कडेला सरकतं आणि उतारावर पुढे धावतं. पातळी भरपूर असेल तर जाळी तरीही बुडालेली राहते. दीड-दोन लिटरच उरलं असेल तर वळणावर जाळी क्षणभर उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. हवा मिसळलेलं, फेसाळलेलं ऑइल दाबलं जातं, पण भार पेलू शकत नाही. वळण संपलं की ऑइल परत जागेवर येतं, दिवा मिणमिणून विझतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं वायरिंगचं काहीतरी असेल. तवंदी घाटात असो, आंबोलीत असो, वळणावर मिणमिणणारा हा दिवा वायरिंगचा समजून सोडून देऊ नका. शेतातल्या चढावर तिरकी उभी राहून चालणारी ट्रॅक्टरची इंजिनं आणि विहिरीवरचे डिझेल पंपसुद्धा याच दुखण्याने बसतात.

पुढे काय होतं ते बघायचं तर उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीत, क्रँक ग्राइंडिंग करणाऱ्या वर्कशॉपमध्ये जावं. बेळगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप यांच्यामुळे हे काम इथे जवळून बघायला मिळतं. कोरड्या चाललेल्या इंजिनाचा शेल हातात घेतला की सगळी कहाणी त्यावर वाचता येते. शेलची पाठ पोलादाची असते आणि आत मऊ धातूचा पातळ थर असतो, पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियम-कथलाच्या मिश्रणाचा. मऊ मुद्दाम ठेवतात, म्हणजे बारीक कचरा त्यात रुतून बसतो आणि क्रँक वाचतो. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. ऑइल तुटलं की घासून घासून एवढं तापमान यायला फार वेळ लागत नाही. खराब शेलवर चंदेरी थर एका बाजूला लोण्यासारखा ओढला गेलेला दिसतो, कडेला त्याची जिभळी निघालेली असते, आणि पाठीवर जळून निळी-काळी झाक आलेली असते. पाठ जळलेली दिसली म्हणजे तो शेल आपली जागा सोडून क्रँकबरोबर फिरला. फिरताना त्याने ऑइलचं भोक बंद केलं, मग उरलासुरला पुरवठाही थांबला.

इथवर येताना इंजिन आवाज करतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की खालून ठक-ठक ऐकू येते, तो पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा मोठा डोळा, म्हणजे क्रँककडचं टोक, सैल झाल्याचा आवाज असतो. या टप्प्यावर गाडी थांबली तर क्रँक पाव किंवा अर्धा मिलिमीटर घासून जाड शेल टाकता येतात. तसंच पुढे दामटलं तर रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. टर्बो असलेल्या गाडीत आणखी एक नाजूक जागा असते. टर्बोचा आस मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याचं बेअरिंगही याच ऑइलवर तरंगतं, त्यामुळे पुष्कळदा तोच आधी जातो. साध्या वाहन विम्यात असला यांत्रिक बिघाड धरत नाहीत. लिटरभर ऑइल काहीशे रुपयांत येतं, आणि इंजिन काम निघालं की आकडा लाखाच्या दिशेने धावतो.

यावर गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ‘सर्व्हिसिंग तर आत्ताच केलंय की!’ केलंय, पण ऑइल तेवढंच राहत नाही. पिस्टनच्या रिंगांवरून थोडं जळतं, व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपतं, टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा ड्रेन बोल्टच्या वॉशरमधून गळतं. घाट उतरताना लहान गिअरमध्ये पाय काढून गाडी सोडली की पेट्रोल इंजिनात जोराचा शोष तयार होतो आणि जुन्या सीलमधून ऑइल सिलिंडरमध्ये ओढलं जातं. खाली उतरून रेस दिल्यावर मागे निळसर धूर निघाला तर तो त्याचाच. काही कंपन्या आपल्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल जाणं चालण्यासारखं मानतात. 10,000 किलोमीटरने सर्व्हिसिंग धरलं तर हा हिशेब 5 लिटरचा होतो, आणि चेंबरमध्ये मुळात ऑइल असतं साडेतीन लिटर! तुमची गाडी याच्या पाव हिश्श्याने जरी ऑइल खात असली, तरी पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत सव्वा लिटर कमी झालेलं असतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी उभी करावी, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबावं, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून पुसावी, पूर्ण आत घालून पुन्हा काढावी. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ ओल दिसायला हवी. या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास असतं, म्हणून एकदम ओतू नये. थोडं घालावं, थांबावं, पुन्हा बघावं. वरच्या खुणेच्या फार वर गेलं तर क्रँक ऑइलला घुसळतो आणि पुन्हा फेसच होतो. महिन्यातून एकदा, आणि घाटाच्या प्रवासाआधी तर नक्कीच, हे करावं.

पातळी वाढलेली दिसली तरीही खूश होऊ नये. बीएस-6 डिझेल गाडी सतत गावातल्या गावात फिरत असेल तर धुरातली काजळी अडवणारी जाळी जाळून साफ करताना न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वर जाते, ऑइल मात्र पातळ झालेलं असतं. पट्टीवर दुधाळ, चहाच्या रंगाचा साका दिसला तर आत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) शिरलेलं असू शकतं. दोन्ही वेळा गाडी गॅरेजलाच न्यावी.

आणि चालू गाडीत लाल दिवा लागलाच, तर ‘पुढच्या गावापर्यंत तर जाऊ’ हा विचार करू नका. घाटात वळणावर एकदम इंजिन बंद करू नका, कारण स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोर जातो. आधी गाडी सुरक्षित कडेला घ्या, थांबल्याबरोबर इंजिन बंद करा आणि वाट बघून पट्टी तपासा. कणकुंबीच्या पुढे घाटात गॅरेज सहज सापडत नाही, म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचा लिटरचा डबा डिकीत असू द्या. ऑइल भरल्यावर इंजिन सुरू करून काही सेकंदांत दिवा विझला नाही, तर लगेच इंजिन बंद करा, पुन्हा चावी फिरवू नका, टो करायला गाडी बोलवा.