‘मणक्यात गॅप’ : एका शब्दाची आणि उपचारांची पार्श्वभूमी

सोलापुरात कंबरदुखीचा पेशंट ‘डिस्क’ म्हणत नाही, ‘मणक्यात गॅप आलीय’ म्हणतो. यंत्रमागापुढे वर्षानुवर्षं उभं राहिलेला असो, की मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई असो, दुखण्याचं नाव तेच.

खरं तर एक्स-रेत गादी, म्हणजेच डिस्क, दिसतच नाही, दिसते दोन मणक्यांमधली जागा. गादी झिजली की ती कमी होते. म्हणजे गॅप पडत नाही, उलट बुजते! शिवाय गादी झिजणं, ती बाहेर येऊन नस दबणं आणि मणकाच पुढे सरकणं ही तिन्ही दुखणी या एका शब्दात कोंबली जातात. मग शेजाऱ्याला बेल्टने गुण आला म्हणून आपणही बेल्ट आणायचा, आणि कुणाचं ‘गॅपचं ऑपरेशन’ फसलं म्हणून आपण घाबरायचं.

जुन्या काळी पायात उतरणाऱ्या कळेला वैद्य गृध्रसी म्हणत. घरी उसण भरली की पायाळू माणसाची लाथ. बाहेर आलेली गादी हेच या कळेचं कारण आणि ती काढता येते, हे 1934 मध्ये अमेरिकेतल्या दोन सर्जननी मांडलं. पुढे पपईच्या चिकातलं द्रव्य टोचून गादी विरघळवायचाही प्रयोग झाला. 1982 मध्ये तिकडे त्याला परवानगी मिळाली, पण जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीच्या धास्तीने तो मागे पडला.

एमआरआय आला आणि गादी दिसू लागली, जरा जास्तच. 1994 च्या एका अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या 98 जणांची तपासणी झाली. सगळ्या गाद्या ठीक असलेले निघाले फक्त 36 टक्के. रिपोर्टमधला ‘बल्ज’, म्हणजे गादीचा फुगवटा, वाचून झोप उडालेल्यांना हे कुणी सांगत नाही. 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या, म्हणजे याच पायात उतरणाऱ्या कळेच्या, काही पेशंटना दोन आठवडे झोपवून ठेवलं, काहींना नाही. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे 87 टक्के सुधारले होते.

लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडू लागलं तर ऑपरेशनला थांबायचं नसतं. वाद आहे तो बाकीच्यांचा. 1983 च्या नॉर्वेतल्या अभ्यासात वर्षभरानंतर ऑपरेशनवाले बिनऑपरेशनवाल्यांच्या पुढे होते, चार वर्षांनी तो फरक नगण्य उरला. ‘बघा, थांबलं तरी चालतं,’ असा त्याचा अर्थ सर्रास काढला जातो. पण जिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, तिने ते पहिलं वर्ष कशावर काढायचं?