प्रकाशाला न दिसणारे ओरखडे

काळ्या स्पोर्ट्स कारचं बॉनेट सावलीत नितळ दिसतं. तीच गाडी भर उन्हात आणली, की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल गोल रेघा उमटतात. धुताना फडकं गोल फिरवलं म्हणून ओरखडे गोल पडले, अशी बहुतेकांची समजूत असते. पण फडकं वेगवेगळ्या दिशांनी अगदी सरळ ओढलं, तरी जाळं गोलच दिसतं. शिवाय आपण दोन पावलं बाजूला सरकलो की प्रतिबिंब सरकतं आणि त्याच्यासोबत जाळंही सरकतं. ओरखडे तर जागचे हललेले नसतात.

याचं कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे. ओरखडा म्हणजे एक चिंचोळी चर. ती प्रकाश विखुरते, पण सगळीकडे सारखा नाही, तर मुख्यतः स्वतःच्या लांबीला आडवा. बॉनेटवर हजारो ओरखडे वाटेल त्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे प्रतिबिंबाभोवती कल्पिलेल्या वर्तुळाला स्पर्शिकेसारखे पडलेले असतात, त्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो. बाकीचे तिथेच असतात, पण त्यांचा उजेड भलतीकडे जातो. उभं राहायची जागा बदलली, की वेगळ्या ओरखड्यांची पाळी येते.

हे जाळं ज्या थरावर पडतं तो रंगाचा थर नव्हे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर पारदर्शक रेझिनचा एक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो याचं माप, साधारण 1.5 असल्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 4 टक्के प्रकाश पृष्ठभागावरून परततो आणि उरलेला आत, रंगापर्यंत जातो. तिरप्या कोनातून परतणारा वाटा वाढतो, म्हणूनच कुठलीही गाडी लांबून, बॉनेटच्या पातळीवरून पाहिली की जास्त चकाकते. आपण जिला झळाळी म्हणतो ती या थोड्याशा परतलेल्या प्रकाशाची शिस्त असते. तो सगळा एका दिशेने गेला तर ढगाची कडासुद्धा बॉनेटमध्ये स्वच्छ दिसते आणि इकडेतिकडे फाकला तर रंग धुरकट वाटतो.

पांढऱ्या गाडीवर हेच ओरखडे फारसे जाणवत नाहीत, कारण खालच्या रंगातून इतका प्रकाश परत येतो की ओरखड्यांचा उजेड त्यात बुडून जातो. काळ्या रंगाकडून जवळजवळ काहीच परतत नाही, त्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक दोष उघडा पडतो. काळी गाडी लवकर खराब होते असं म्हणतात. खराब दोन्ही सारख्याच होतात, काळी ते लपवत नाही इतकंच.

पृष्ठभाग किती गुळगुळीत असला म्हणजे प्रकाशाच्या लेखी तो गुळगुळीत? भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जाणारा एक निकष यासाठी वापरतात. समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी उंचसखलपणा त्याच्या तरंगलांबीच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असला, की तो पृष्ठभाग सपाट धरायचा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी 550 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे मर्यादा आली सुमारे 70 नॅनोमीटर, अर्थात 0.07 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). धुळीच्या फडक्याने पडलेले ओरखडे याच्या कितीतरी पट खोल असतात. पॉलिश करणाऱ्याचं काम त्या ओरखड्यांच्या जागी या मर्यादेखालचे ओरखडे पाडण्याचं. ओरखडे संपत नाहीत, ते प्रकाशाला दिसेनासे होतात. झळाळी बाटलीतून आणून गाडीला लावता येत नाही, हे एकदा लक्षात आलं की बाजारातल्या निम्म्या बाटल्यांकडे संशयाने पाहायची सवय लागते.

ही कल्पना मुळीच नवी नाही. न्यूटनने 1704 सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये काचेच्या पॉलिशबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं. वाळू किंवा कथिलाच्या ऑक्साइडच्या भुकटीने घासून काच काही कणाकणाने सपाट होत नाही, जुने खडबडीतपण जाऊन बारीक ओरखडे उरतात आणि भुकटी जितकी बारीक तितके ते बारीक. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बील्बी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने वेगळं मत मांडलं. घासताना पृष्ठभागाचा पातळ थर द्रवासारखा वाहून खळगे भरतो, असं त्याचं म्हणणं होतं. गाडीच्या रंगापुरतं बोलायचं तर न्यूटनचं पारडं जड आहे. आधुनिक क्लिअर कोटचे रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी जखडलेले असतात. तापवला की तो मऊ पडतो, पण वितळून वाहत नाही. ओरखडा बुजत नाही. त्याच्या तळाची पातळी येईपर्यंत आजूबाजूचा थर खरवडून काढावा लागतो. किंवा, बहुतेकदा शहाणपणाचं म्हणजे, त्याच्या तीक्ष्ण कडा बोथट होईपर्यंत.

आणि खरवडायला थर असतो तरी किती? कारखान्यातून आलेल्या गाडीवर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाएवढी किंवा त्याहून किंचित जास्त. त्यात क्लिअर कोटचा वाटा 40-50 मायक्रॉन. त्याच थरात अतिनील किरण शोषणारी रसायनं मिसळलेली असतात आणि खालचा रंग त्यांच्या आडोशाने टिकतो. हलक्या पॉलिशमध्ये मायक्रॉनभर किंवा त्याहूनही कमी थर जातो, जाड कंपाउंडने, म्हणजे घासणारे भरड कण मिसळलेल्या लेपाने, काही मायक्रॉन. एकदा केलं तर चिंता नाही. दर वर्षी हौसेने बफिंग करून घेणाऱ्याची गाडी मात्र काही वर्षांनी छतावर आणि बॉनेटवर पांढुरके पापुद्रे सोडू लागते. त्यावर पॉलिश हा उपाय नसतो, पुन्हा रंगच मारावा लागतो.

खरवडण्याचं काम करणारे कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोहसच्या मापावर ते 9 वर. रस्त्यावरच्या धुळीतली गारगोटी 7 वर असते आणि क्लिअर कोट दोघांपेक्षाही पुष्कळ मऊ. काही कंपाउंडांतले कण दाबाखाली फुटत जातात, म्हणजे सुरुवातीला ते भरभर कापतात आणि शेवटी आपोआप बारीक काम करतात. काहींतले कण पहिल्यापासूनच अतिशय बारीक आणि एकसारखे असतात, तिथे किती वेळ घासायचं आणि किती दाब द्यायचा हे कारागिराच्या हातात.

यंत्रं मुख्यतः दोन जातींची. रोटरी म्हणजे एकाच अक्षाभोवती फिरणारं जुनं बफिंग मशीन. त्याला लावलेला 150 मिलिमीटर व्यासाचा पॅड, म्हणजे रंगावर घासली जाणारी मऊ चकती, मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर त्याची कडा सेकंदाला जवळपास 12 मीटर वेगाने रंगावरून जाते आणि मध्यबिंदू मात्र जागच्या जागी. वेगाच्या या फरकामुळे यंत्र जरा कलतं झालं, की एकाच दिशेच्या बारीक कमानींचा पट्टा उमटतो. उन्हात तो पट्टा आपण हलू तसा हलतो, म्हणून कारागीर त्याला होलोग्राम म्हणतात. दुसरी जात ड्युअल ॲक्शनची. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय त्याचा अक्षही एका छोट्या वर्तुळात फिरतो. त्या वर्तुळाचा व्यास 8 पासून 21 मिलिमीटरपर्यंत ठेवलेला असतो. प्रत्येक कणाची वाट सतत बदलत राहते, त्यामुळे उरलेले ओरखडे कुठल्याच एका दिशेला रांगेत उभे राहत नाहीत. कापण्याचा वेग रोटरीपेक्षा कमी, पण दाब वाढला तर पॅडचं फिरणं मंदावतं. नवख्या हाताला हीच सुरक्षितता पुरते. रोटरीवर जन्म घालवलेले कारागीर याला खेळणं समजतात. मला तो अहंकार वाटतो. परिणाम उन्हात पाहायचा असतो, आणि उन्हात ड्युअल ॲक्शनचं काम क्वचितच दगा देतं.

काम चालू असताना जवळून पाहावं. आधी गाडी धुऊन, रंगात रुतलेले लोखंडाचे कण रसायनाने विरघळवतात. स्पोर्ट्स कारचे ब्रेक मोठे, त्यामुळे चाकांमागच्या भागावर हे कण भरपूर असतात आणि रसायन लागताच तिथून जांभळे ओघळ सुटतात. मग अर्धा मीटर लांबीरुंदीचा चौकोन ठरवायचा, पॅडवर कंपाउंडचे चारपाच थेंब, कमी वेगावर ते पसरायचे आणि मग वेग वाढवून एकमेकांवर निम्मे चढणारे पट्टे आधी आडवे, मग उभे. यंत्राची चाल इतकी संथ की बघणाऱ्याला कंटाळा यावा. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचा, कारण त्यात आता निघालेल्या क्लिअर कोटची भुकटी साचलेली असते आणि तीच नवे ओरखडे पाडू शकते.

त्यानंतरची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते: आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. कंपाउंडमध्ये तेलं असतात आणि त्यांचा अपवर्तनांक क्लिअर कोटच्या बराच जवळचा. ओरखड्यात तेल भरलं की प्रकाशाला तिथे सीमारेषाच सापडत नाही, तो न विखुरता पार होतो. ओरखडा जागेवर, पण अदृश्य. दोनचार वेळा धुतल्यावर तेल निघून जातं आणि जाळं परत येतं. ओली गाडी नेहमी नवी दिसते तेही याच जातीच्या कारणाने. म्हणून पैसे मोजण्याआधी अल्कोहोलने पुसून, टॉर्चच्या एकाच प्रखर झोतात पाहावं. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात सगळंच छान दिसतं.

स्पोर्ट्स कारमध्ये आणखी एक गुंता असतो. पोलादी पत्रा घासण्याची उष्णता पटकन पसरवतो आणि ॲल्युमिनियम त्याहून पटकन. पण शेवरोले कॉर्व्हेटची बॉडी 1953 पासून फायबरग्लासची आहे आणि आजच्या कित्येक गाड्यांची छतं, बॉनेटं कार्बन फायबरची असतात. या साहित्याच्या जाडीतून उष्णता फार हळू जाते, पोलादाच्या तुलनेत काही दशांशही नाही. यंत्र एका जागी जरा रेंगाळलं की उष्णता वरच्या थरातच अडकते, क्लिअर कोट मऊ पडतो आणि अपेक्षेपेक्षा जास्त निघून जातो. प्लॅस्टिकच्या बंपरवरही हीच गत. त्यात जाडी मोजणारं नेहमीचं उपकरण इथे गप्प बसतं, कारण ते रंगाखालच्या धातूच्या भरवशावर चालतं: लोखंडावर चुंबकीय प्रेरण, ॲल्युमिनियमवर भोवरी प्रवाह. कार्बन फायबर आणि प्लॅस्टिकसाठी अल्ट्रासाउंडचं, बरंच महागडं उपकरण लागतं. ते नसेल तर थर किती उरलाय हा अंदाजाचा मामला.

या गाड्यांच्या धारदार घड्याही जोखमीच्या. ओला रंग पृष्ठताणामुळे कडेवरून मागे ओढला जातो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ असतो आणि पॅडचा दाब नेमका तिथेच एकवटतो. अनुभवी माणूस कडांवर आधी टेप लावतो. शेवटी टेप काढून तेवढी पट्टी हाताने उजळतो, आणि फार घाई नसेल तर तशीच सोडून देतो.

काही गोष्टी पॉलिशच्या आवाक्याबाहेरच्या असतात. नखाला अडकणारा ओरखडा किंवा दगड लागून उडालेला टवका त्याने जात नाही. संत्र्याच्या सालीसारखा दिसणारा लहरीपणा मिलिमीटरच्या लांबीचा असतो, पॅड त्याच्या चढउतारावरून वळतवळत जातो आणि तो तसाच राहतो. घालवायचा तर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी घेऊन घासावं लागतं. त्यात थर बराच जातो. मूळ कारखान्याच्या रंगावर केवळ हौसेखातर हे करू नये, असं माझं मत.

पॉलिशनंतर मेण किंवा सिलिकायुक्त सिरॅमिक कोटिंग लावतात. कोटिंगच्या जाहिरातीतलं 9एच हे माप पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचं आहे. त्याचा मोहसच्या 9 शी काही संबंध नाही आणि गारगोटीचा कण त्यावरही चरा पाडतो. कोटिंगमुळे पाणी आणि मळ टिकत नाही, त्यामुळे पुसण्याची वेळ कमी येते. खरा फायदा एवढाच, आणि तो थोडा नाही. कारण जाळं पडतं ते जवळजवळ नेहमी धुतानाच. आधी पाण्याच्या झोताने धूळ उडवायची, मग भरपूर फेसात मऊ मायक्रोफायबर बुडवून वरून खाली यायचं, ते वेगळ्या बादलीत खळबळायचं आणि चुकून जमिनीवर पडलं तर त्या दिवसापुरतं बाजूला ठेवायचं. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं मारायचं नाही, मग ते कितीही मऊ असो.