इंग्रजीतला उलटा पदक्रम आणि क्रियाविशेषणं

इंग्रजी वाक्यात आधी कर्ता, मग क्रियापद हा रोजचा क्रम. तो मोडून क्रियापद किंवा सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे जाऊन बसतं त्याला उलटा पदक्रम म्हणतात, तिकडचा शब्द इन्व्हर्जन. प्रश्नार्थक वाक्यातला उलटा क्रम सगळ्यांना ठाऊकच असतो त्यामुळे तो इथे सोडून दिलाय. ही नोंद वाक्याच्या तोंडाशी क्रियाविशेषण आल्यामुळे जो क्रम उलटतो त्याबद्दल आहे.

मराठी माध्यमातल्या पोरांची याच्याशी पहिली गाठ पडते ती बहुतेक ‘नो सूनर’मध्ये. ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट’ हे उत्तर हवं असतं आणि वहीत येतं ‘नो सूनर द बेल रँग व्हेन’, म्हणजे एकाच ओळीत तीन चुका: ‘डिड’ आलाच नाही, ‘रँग’चं ‘रिंग’ झालं नाही आणि ‘दॅन’च्या जागी ‘व्हेन’ घुसला. (‘व्हेन’ चालतो तो ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’बरोबर.) मराठीत हेच काम क्रियापद दोनदा म्हणून होतं, बेल वाजते न वाजते तोच पोरं बाहेर पळाली. पदक्रमाला कोणी हातही लावत नाही, त्यामुळे मराठी कानाला ‘डिड’ची गरजच वाटत नाही, यात पोरांचा फार दोष नाही.

उलट्या क्रमाचे प्रकार मुळात दोन आणि ते वेगळे ठेवणं महत्त्वाचं आहे. एकात फक्त सहाय्यक क्रियापद पुढे येतं आणि मुख्य क्रियापद जागेवर राहतं (‘नेव्हर हॅव आय सीन सच रेन’), दुसऱ्यात अख्खं क्रियापदच कर्त्याच्या आधी येतं (‘डाउन केम द रेन’). शाळेत सांगतात की क्रियाविशेषण पुढे आलं की क्रम उलटतो. आजच्या इंग्रजीपुरतं हे बरोबर नाही. ‘यस्टर्डे’, ‘अनफॉर्च्युनेटली’ कितीही पुढे आणा, क्रम जसाच्या तसा. पहिल्या प्रकारात क्रम उलटतो तो बहुधा नकारामुळे, आणि तो नकार पूर्ण वाक्यावर पसरला तरच. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड क्लिमा यांच्या 1964 च्या नकारावरच्या लेखापासून हा मुद्दा व्याकरणात पक्का झालाय असं म्हणता येईल.

पुढची दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवून बघा. ‘विथ नो टीचर ही वुड लर्न’ म्हणजे मास्तर नसला तर तो शिकेल. ‘विथ नो टीचर वुड ही लर्न’ म्हणजे कुठल्याच मास्तरच्या हाताखाली तो शिकणार नाही. शब्द तेच, फक्त ‘वुड’ आणि ‘ही’ यांनी जागा बदलली आणि अर्थ पार फिरला. पहिल्यात ‘नो’ फक्त मास्तरला चिकटलाय, दुसऱ्यात तो क्रियापदापर्यंत पोचलाय. ‘इन नो टाइम’चंही तसंच, त्याचा अर्थ ‘झटक्यात’ असा होकारी असल्यामुळे त्याच्यामागे सरळ क्रम येतो, पण ‘ॲट नो टाइम’ खरोखर नकारी आहे म्हणून क्रम उलटा. ‘सेल्डम’, ‘रेअरली’, ‘हार्डली’, ‘लिटल’ यांत उघड ‘नो’ दिसत नाही तरी अर्थाने ते नकाराच्या घरचेच. ‘ओन्ली’ जरा लबाड आहे: ‘ओन्ली देन डिड आय अंडरस्टँड’ इथे क्रम उलटतो कारण आत ‘त्याआधी नाही’ हे दडलंय, पण ‘ओन्ली यस्टर्डे आय सॉ हिम’ म्हणजे कालच तर पाहिला, तिथे नकार नाही आणि उलटापालटही नाही. ‘नॉर’, ‘नायदर’ आणि नकारी नसूनही ‘सो’ यांच्यामागेही उलटा क्रम येतो, ‘सो डू आय’ तर बोलीत रोज चालतं.

हा प्रकार आला कुठून यावर मात्र बरेच मतभेद आहेत. जुन्या इंग्रजीत, म्हणजे ढोबळमानाने 1100 च्या आधी, वाक्याच्या तोंडाशी काहीही आलं तरी क्रियापद दुसऱ्या जागी येण्याकडे कल होता, जसा जर्मन आणि डचमध्ये आजही आहे (‘हॉयटं गेहं इष’, शब्दशः ‘आज जातो मी’). पण इंग्रजीत तेव्हाही एक मेख होती. कर्ता नाम असेल तर क्रियापद त्याच्या आधी यायचं, सर्वनाम असेल तर बहुधा नाही; मात्र ‘तेव्हा’ या अर्थाचा ‘था’ किंवा नकाराचा ‘ने’ सुरुवातीला असला की सर्वनामालाही मागे सरकावं लागे. भाषाशास्त्रज्ञ आन्स फान केमेनाडे यांनी 1987 मध्ये हे मांडताना सर्वनामं क्रियापदाला चिकटणाऱ्या शब्दांसारखी वागतात असं म्हटलं. ॲन्थनी क्रॉख आणि ॲन टेलर यांनी नव्वदीच्या दशकात वेगळाच धागा धरला: उत्तर इंग्लंडच्या बोलीत सर्वनामाबरोबरही क्रम कडकपणे उलटायचा, कारण तिथे व्हायकिंग वस्त्या होत्या आणि त्यांच्या भाषेची छाप पडली, दक्षिणेत मात्र जुनी मेख टिकली, आणि पुढे दोन्ही बोलीवाले एकमेकांत मिसळल्यावर नियमच ढिला झाला. कल्पना देखणी आहे. पण उत्तरेकडचं 1400 च्या आधीचं गद्य जवळजवळ उरलेलंच नाही आणि पुराव्याचा मोठा भार संत बेनेडिक्टच्या नियमांच्या (ख्रिस्ती मठांत पाळायचे नियम) एका उत्तरी भाषांतरावर पडतो, त्यामुळे तिच्यावर किती विसंबायचं हे जपूनच ठरवावं. बेटेलू लॉस यांच्यासारखे अभ्यासक यात वाक्यातल्या जुन्या-नव्या माहितीच्या (ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक काय आणि नवं काय) मांडणीला जास्त महत्त्व देतात, आणि कर्ता नाम की सर्वनाम यावर सगळं फिरत होतं हे बघता त्यांचं म्हणणं अधिक सयुक्तिक वाटतं.

क्रियापद दुसऱ्या जागी ठेवायची सवय पंधराव्या शतकाच्या आसपास ओसरली असं साधारणपणे मानतात. मग आजचा ‘नेव्हर हॅव आय’ हा तिचाच उरलेला तुकडा का? सरळ वारसा मानणारे आहेत, पण टेर्टू नेवालाइनन यांनी 1997 मध्ये याला उलट्या क्रमाचा पुनर्वापर म्हटलं, म्हणजे जुना साचा नव्या कामाला जुंपला गेला. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, दोन्ही काळ एकत्र नांदताना दिसतात. ‘देन केम पीटर टू हिम’ आणि ‘हिअर ॲम आय’ जुन्या वळणाचे (आज ‘हिअर आय ॲम’ म्हणतात), आणि ‘नेव्हर मॅन स्पेक लाइक धिस मॅन’ इथे ‘नेव्हर’ पहिला असूनही क्रम सरळच. अर्थात ‘नेव्हर मॅन’ हा एकच तुकडा धरून ‘कोणीही माणूस नाही’ असा अर्थ लावला तर हे उदाहरण बाद होतं, त्यामुळे एवढ्या एका ओळीवर काही सिद्ध करू नये.

‘नो सूनर’मधला ‘डिड’ही याच काळातला. आल्वार एलेगोर यांच्या 1953 च्या अभ्यासानुसार सहाय्यक ‘डू’ सोळाव्या शतकात झपाट्याने वाढला, साध्या होकारी वाक्यातून पुढे गळला, आणि 1700 पर्यंत प्रश्न नि नकारातली त्याची जागा बरीचशी पक्की झाली. मुख्य क्रियापदाला कर्त्याच्या आधी उडी मारायला बंदी झाली आणि त्याच्या बदली ‘डू’ उडी मारू लागला असं समजा.

दुसऱ्या प्रकाराला मात्र ‘डू’ लागत नाही. ‘इन द कॉर्नर स्टुड अ कपबोर्ड’, ‘हिअर कम्स द बस’. इथे नकार नसतो, स्थळ किंवा दिशा दाखवणारा शब्द पुढे असतो, क्रियापद येणं, असणं, उभं राहणं, पडणं असलं अकर्मक असतं आणि कर्ता ऐकणाऱ्यासाठी नवा असतो. म्हणूनच सर्वनाम चालत नाही, ‘हिअर ही कम्स’ म्हणावं लागतं, कारण ‘तो’ म्हटला म्हणजे तो आधीच माहितीतला. मराठीत नवी माहिती क्रियापदाच्या अगदी अलीकडे बसते (कोपऱ्यात एक कपाट होतं), त्यामुळे आपल्याला उलटापालट करायची वेळच येत नाही. नाही म्हणायला स्टँडवर तासभर ताटकळलेली माणसं ‘आली आली, एसटी आली’ ओरडतात तेव्हा क्रियापद पुढे येतं, पण ते उत्साहापोटी, व्याकरणाची सक्ती म्हणून नाही. जोन ब्रेझनन यांनी 1994 मध्ये आफ्रिकेतल्या चिचेवा भाषेशी तुलना करून या रचनेची बरीच चिकित्सा केली आहे.

पत्रकारितेत ‘टाइम’ साप्ताहिकाने सुरुवातीच्या वर्षांत उलट्या वाक्यांचा इतका सपाटा लावला की 1936 मध्ये ‘न्यू यॉर्कर’ या दुसऱ्या साप्ताहिकात वोल्कॉट गिब्ज यांनी तसलीच उलटी वाक्यं लिहून त्याची टर उडवली.

भारतीय इंग्रजीत उलट्या क्रमाची अदलाबदल झालेली दिसते: ‘व्हाय यू आर लेट?’ असा सरळ प्रश्न आणि ‘आय आस्क्ड हिम व्हॉट इज हिज नेम’ असा पोटवाक्यात उलटा क्रम. दोन्ही ठिकाणी मागे भारतीय भाषांचं वळण असावं, कारण मराठीत ‘तुझं नाव काय’ आणि ‘मी विचारलं तुझं नाव काय’ यांत पदक्रम एकच असतो.